जास्वंदीचा शेंडा

रत्नागिरी,
२० मे २०२६

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या जास्वंदीचे फोटो मोठे करून नीट बघितले. कळ्या धरतात, हरभऱ्याएवढ्या होतात आणि देठाच्या सांध्यावर पिवळ्या पडून गळतात. शेंड्याची पानं आकसून वळली आहेत, आणि पानांच्या बगलेत पांढरं, कापसासारखं काहीतरी बसलं आहे. यावर बोनमील, म्हणजे हाडांच्या चुऱ्याचं खत घालू का, असं तू विचारतेस. नको घालूस. तुझ्या झाडाला खत कमी पडलेलं नाही, त्याचा शेंडा आजारी आहे. जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर. फांदी वाढते तसं टोकाकडच्या पानांच्या बगलेत एकेक कळी धरते, आणि जुन्या लाकडावर काही येत नाही. शेंडा थांबला की फुलं थांबलीच. त्यामुळे पाणी, खत, छाटणी, फवारणी, काहीही करताना आधी शेंड्याचा विचार कर.

ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला नर्सरीवाले मिलीबग म्हणतात. ही कीड कोवळ्या शेंड्यातून रस शोषते आणि तिच्या लाळेमुळे पानं वेडीवाकडी वळतात. वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, म्हणून ते शेंडे वाचवायच्या नादी लागू नकोस. दोन-तीन पेरं खाली येऊन कात्रीने काप आणि लगेच पिशवीत बांधून कचऱ्यात टाक. कंपोस्टच्या डब्यात अजिबात नाही. कापसाच्या त्या पुंजक्यात शेकडो अंडी असतात.

आता खोडावर बघ, मुंग्यांची रांग असणारच. पिठ्या ढेकूण गोड, चिकट द्रव सोडतो. तो मुंग्या खातात आणि त्याच्या बदल्यात किडीचं शत्रूंपासून रक्षण करतात, प्रसंगी तिला एका फांदीवरून दुसरीवर नेतातही. पानांवर दिसणारी काजळी म्हणजे त्याच चिकट द्रवावर वाढलेली बुरशी. म्हणून मुंग्या तोडल्याशिवाय फवारणीचा उपयोग अर्धाच होतो. कुंडी भिंतीपासून आणि दुसऱ्या झाडांपासून वीतभर लांब घे. पाय असलेल्या स्टँडवर ठेवता आली तर पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव. वाट्यांतलं पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदल, नाहीतर डास होतील. आणि शेजारी भेंडीची कुंडी असेल तर ती दुसऱ्या टोकाला हलव. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कापूस एकाच कुळातले असल्यामुळे कीड यावरून त्यावर जाते.

शेंडे कापून झाले की सकाळी पाइपच्या जोरदार धारेने पानं खालच्या बाजूने धुऊन काढ. निम्मी कीड पाण्यानेच जाते, पण पडलेलं सगळं गोळा करून टाकून दे, नाहीतर परत वर चढेल. बगलेत उरलेले पुंजके स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पूस. संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारणी कर: एक लिटर कोमट पाण्यात आधी २ मिली भांड्यांचा पातळ साबण, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल, आणि पाणी दुधाळ होईपर्यंत हलव. तेल आधी घातलंस तर ते वर तरंगत राहतं आणि शेवटचा फवारा निव्वळ तेलाचा बसून पानं करपतात. मेच्या उन्हात दिवसा फवारलंस तरी तेच होईल. दर सहा-सात दिवसांनी असे चार फवारे दे. एका फवाऱ्यात पिल्लं मरतात, अंडी मरत नाहीत. ती फुटली की नवी पिल्लं बाहेर येतात, मेणाचं कवच चढायच्या आत त्यांना गाठायला हवं. बहुतेक जण दुसऱ्या फवाऱ्यानंतर झाड स्वच्छ दिसलं की थांबतात आणि महिन्याभरात परत पहिल्यासारखं होतं.

एक गोष्ट जपून. किडीच्या गर्दीत कधी कधी एखादा मोठा, अंगावर लांब मेणाचे झुपके असलेला, भराभर चालणारा पांढरा किडा दिसतो. तो पिठ्या ढेकूण नाही. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी असते आणि ती पिठ्या ढेकूणच खाते. खरा पिठ्या ढेकूण छोटा, मऊ, जवळपास बसूनच असतो. मोठा आणि चपळ दिसला तर त्याला हात लावू नकोस, फवाराही थांबव. पाऊस लागला की हवा दमट होते, तेव्हा कडुनिंबाऐवजी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी ५ ग्रॅम लिटरला घेऊन संध्याकाळी फवारता येईल. कोरड्या मेमध्ये ती चालत नाही, आणि तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारायचं नाही.

नर्सरीत तुला मुळाशी ओतायचं कीटकनाशक देतील. त्याने कीड जाते हे खरं, पण ते रसातून मधापर्यंत पोचतं. जास्वंदीवर शिंजीर पक्षी येतो, मधमाश्या येतात, आणि तू तीच फुलं देवाला वाहणार, कुणी केसांच्या तेलात घालणार. गॅलरीतल्या एका झाडासाठी मला ते मुळीच पटत नाही.

कळ्यांची गळ एकट्या किडीमुळे असेलच असं नाही. गळलेली कळी नखाने उभी चिरून बघ. आत बारीक अळ्या किंवा सरकणारे तपकिरी फुलकिडे दिसले तर पडलेल्या कळ्या रोज वेचून टाकायला हव्यात. कळ्यांतल्या अळ्या कुंडीच्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुढची पिढी तिथूनच निघते. कळी आतून स्वच्छ असेल तर दोष पाण्याचा किंवा उन्हाचा. माती एकदा कडक सुकली आणि मग बादलीभर पाणी मिळालं की झाड पहिल्यांदा कळ्याच टाकतं. तुझी गॅलरी पश्चिमेची, वर चौथा मजला, वारा सतत. अशा जागी मेमध्ये सकाळी भरपूर आणि संध्याकाळी थोडं असं दोन वेळा पाणी लागतं. बोट एक इंच मातीत घाल, ओल लागली तर देऊ नकोस. दुपारी एक ते चार हिरवी जाळी लाव. जास्वंदीला पाच-सहा तास ऊन हवंच, पण पारा ३८-४० वर गेल्यावर भिंतीची धग कळीला सोसत नाही. कुंडी सारखी फिरवत राहण्यानेही कळ्या गळतात. आणि भरगच्च पाकळ्यांच्या जाती एरवीही पाच पाकळ्यांच्या जातीपेक्षा जास्त कळ्या टाकतात, त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

बोनमीलबद्दल. त्यात फॉस्फरस असतो, आणि जास्वंदीला तो कमी लागतो. जास्त झाला की लोह उचलायला अडथळा येतो. त्यात तुमच्याकडे टँकरचं आणि बोअरचं जड पाणी, मातीचा सामू (पीएच) वर गेलेला. अशा मातीत बोनमील नीट विरघळतही नाही. डीएपी हे खतही फॉस्फरसचंच, म्हणून तेही नको. जास्वंदीला हवं पोटॅश. वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला १९:१९:१९ हे विरघळणारं खत (आकडे अनुक्रमे नत्र, फॉस्फरस आणि पोटॅशचे) एक ग्रॅम लिटरला, आणि पंधरा दिवसांनी एकदा त्याऐवजी ०:०:५० एक ग्रॅम लिटरला, एवढं पुरे. रासायनिक नको असेल तर १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजव, गाळून दहापट पाणी घाल आणि पंधरा दिवसांनी कुंडीला अर्धा लिटर दे. खत नेहमी ओल्या मातीवर. कोरड्या मातीवर दिलं की मुळं भाजतात.

तिसऱ्या फोटोत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत, ती लोहाची कमतरता. चिलेटेड फेरस अर्धा ग्रॅम लिटरला घेऊन पानांवर फवार, दहा दिवसांनी परत एकदा. हेच पिवळेपण खालच्या जुन्या पानांवर आलं असतं तर मॅग्नेशियम सल्फेट ३ ग्रॅम लिटरला दिलं असतं. दोन्ही एकदम मारू नकोस, कशाने फरक पडला ते कळत नाही. पावसाळ्यात जमेल तितकं पावसाचं पाणी साठवून दे, त्यासारखं औषध नाही.

कुंडी आत्ता बदलू नकोस. नर्सरीचं कलम बहुतेक चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतं. पाणी बाजूने वाहून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. तो बदलायलाच हवा, पण पाऊस स्थिरावल्यावर. गोळा तासभर पाण्यात बुडवून ठेव आणि बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी सोडव, मधल्या मुळांना हात नको. दहा इंची कुंडीतून बारा इंचीत जा, एकदम अठरा इंचीत नको. उरलेली माती ओली राहून मुळं कुजतात. चार भाग लाल माती, तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग दोनदा धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाडी वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेव.

झाड लावताना कलमाचा सांधा शोध, मातीपासून चार-पाच बोटं वर तिरकी खूण असते. ती मातीच्या वरच राहिली पाहिजे. संकरित जातींची स्वतःची मुळं अशक्त असतात, म्हणून त्या गावठी जास्वंदीच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुंध्यावर बांधतात. सांध्याच्या खालून जोमदार, सरळ फुटवा आला तर तो खुंटाचा. बुडातून हाताने मोडून काढ. राहिला तर सगळं बळ तोच घेतो, वरचं कलम मरतं, आणि मग लोक म्हणतात, नारिंगी फुलाचं झाड लाल कसं झालं.

आता गणपतीचं. छाटणीपासून फूल यायला अडीच-तीन महिने लागतात. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे छाटणी १५ ते २५ जूनच्या दरम्यान व्हायला हवी. तोवर कीड गेलेली पाहिजे, कारण छाटणीनंतरची कोवळी फूट तिला सर्वात आवडते. धारदार सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसून घे. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघ, त्याच्या पाव इंच वर तिरका काप दे. संकरित कलमाची एक तृतीयांशपेक्षा जास्त उंची एका वेळी घेऊ नकोस. दाराशी असलेली गावठी लाल मात्र निम्मी उतरवलीस तरी चालेल. छाटणी आणि कुंडीबदल एकाच आठवड्यात नको. आधी छाट, नवी फूट बोटभर झाली की कुंडी बदल.

गावठी लालच्या छाटलेल्या फांद्या फेकू नकोस. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा इंचांच्या काड्या कर. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरका, वर दोनच पानं आणि तीही अर्धी कापलेली. कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी घेऊन सावलीत लाव. पावसाळी दमट हवेत चार-पाच आठवड्यांत मुळं धरतात. जूनमध्ये लावल्यास दिवाळीपर्यंत वाटायला रोपं तयार होतील.

फुलं सुरू झाली की पूजेसाठी एक सोय लक्षात ठेव. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच ओळखता येते, रंग बाहेर आलेला आणि टोक सैल झालेलं असतं. ती देठासकट तोडून फ्रीजमध्ये ठेवू नकोस, बाहेर ताटलीत ठेव. पाण्याशिवाय सकाळी उमलते. उलट संध्याकाळच्या आरतीला हवं असेल तर सकाळी पूर्ण उमललेलं फूल तोडून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव, मिटत नाही.

आज शेंडे कापायचं आणि पानं धुवायचं तेवढं कर, फवाऱ्याची पहिली पाळी उद्या संध्याकाळी. आठवड्याने मला पानांच्या खालच्या बाजूचा आणि कलमाच्या सांध्याचा, असे दोन फोटो पाठव. या वेळच्या फोटोंत सांधा दिसतच नव्हता.

तुझी,
शुभा