गोबरगॅसच्या मंद ज्योतीविषयी

पवई, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गोबरगॅसमधला जवळजवळ चाळीस टक्के वायू जळतच नसेल तर तो गाळून टाकणारे यंत्र बसवावे का, असे बाबांनी विचारले आहे. प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच असल्यामुळे उत्तर थोडे लांबले, तर रागावू नये.

आपल्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. हा वायू स्वतः जळत नाही, परंतु ज्योतीत शिरल्यावर तो स्वस्थही बसत नाही. पाहुणा म्हणून आलेला माणूस पंगतीत जेवून जावा, तसा तो ज्योतीतील उष्णता घेऊन तापतो आणि ज्योतीचे तापमान उतरवतो. हवेतला नायट्रोजनही हेच करतो. मात्र तितक्याच आकारमानाच्या कार्बन डायऑक्साइडला तापायला अधिक उष्णता लागते, म्हणून त्याचा परिणाम जास्त होतो.

तापमान उतरण्याचा मोठा लाभ नायट्रोजनच्या ऑक्साइडांबाबत, म्हणजे हवा दूषित करणाऱ्या वायूंबाबत, होतो. हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्यापासून ती ज्या मार्गाने तयार होतात, तो सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी १९४०च्या दशकात मांडला. सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या वर या मार्गाचा वेग झपाट्याने वाढतो. त्यामुळे ज्योत थोडी जरी थंड झाली, तरी ही ऑक्साइडे बरीच घटतात. मात्र धुरातील त्यांचे प्रमाण नुसते दहा लाख भागांत किती भाग, असे मोजून समाधान मानू नये, कारण वायू पातळ केला की आकडा आपोआप खाली येतो. मिळालेल्या उष्णतेमागे किती प्रदूषण झाले, हाच हिशेब मला प्रामाणिक वाटतो.

काजळीची गोष्ट मला अधिक रंजक वाटते. इंधन विरळ झाल्याने आणि ज्योत थंड झाल्याने काजळीची बीजे, म्हणजे ज्यांपासून काजळी वाढते ते सूक्ष्म कण, कमी तयार होतात, हे झालेच. शिवाय कार्बन डायऑक्साइड ज्योतीतील हायड्रोजन अणूशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या एकेका अणूची चपळ जोडी) निर्माण करतो, व हे हायड्रॉक्सिल काजळीच्या बीजांना जाळून टाकते. आईच्या पातेल्यांच्या बुडाला काजळी धरत नाही, याचे मुख्य श्रेय मात्र मिथेनलाच आहे. तो मुळातच फारशी काजळी धरत नाही. शिवाय बर्नरमध्ये हवा आधीच मिसळलेली असते.

ज्योत थंड झाल्यामुळे आणि काही अंशी याच अणूंच्या देवघेवीमुळे ज्योतीचा वेग, म्हणजे ती वायूतून पुढे सरकण्याचा वेग, मंदावतो. वायू ज्योतीपेक्षा वेगाने येऊ लागला, की ज्योत बर्नरवरून उचलली जाते किंवा विझते. मग अर्धवट जळलेला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेला मिथेन स्वयंपाकघरात पसरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून पावसातही खिडकी बंद करू नये.

डिझेल इंजिनांत धुराचा काही भाग परत आत घेतात, तेही याच तत्त्वावर. फरक इतकाच की तिथे इंधन नव्हे, तर हवा पातळ होते. तिथे नायट्रोजनची ऑक्साइडे घटतात, पण ऑक्सिजन कमी पडल्यामुळे काजळी वाढते. मुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या अनेक डिझेल गाड्यांत ही युक्ती काजळीच्या गाळणीसोबत वापरलेली असते.

म्हणून माझ्या मते यंत्राचा खर्च करू नये. ते गॅस दूर न्यायचा किंवा गाडीत भरायचा असेल तरच उपयोगी. त्याऐवजी बर्नर गोबरगॅससाठीच बनवलेला आहे ना, हे पाहावे. सिलिंडरच्या शेगडीचे छिद्र बारीक असते, तर आपल्या गॅसला तितक्याच उष्णतेसाठी अधिक वायू लागतो, म्हणून छिद्र मोठे हवे. मिथेनला आकारमानाच्या सुमारे साडेनऊपट हवा लागते, आपल्या गॅसला सहापटीच्या आसपास पुरते. त्यामुळे हवेची झडपही थोडी आवळावी लागेल. ज्योत उचलली जात असेल तर आधी ती आवळून पाहावी, आणि पिवळी पडू लागली तर थोडी उघडावी.

आईने गुडघ्यांना तेल लावायचे विसरू नये.

आपला,
नम्र मुलगा