नेटवर्किंगच्या क्लासची फी भरण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालांचा मोसम आला की सोलापुरात नेटवर्किंगच्या, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याचे काम शिकवणाऱ्या, क्लासचे फलक झळकू लागतात. सीसीएनए, एमसीएसई, शंभर टक्के नोकरी! पहिली दोन कंपन्यांच्या प्रमाणपत्रांची नावे. यातली एमसीएसई मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ रोजीच बंद केली. नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या सिस्कोच्या सीसीएनएचे राउटिंग-स्विचिंग, सिक्युरिटी, वायरलेस हे जुने फाटे फेब्रुवारी २०२० मध्ये मोडीत निघाले आणि त्यांच्या जागी २००-३०१ या क्रमांकाची परीक्षा आली. फलकावर अजून जुनीच नावे असतील तर आत नेमके काय शिकवतात, याची चौकशी पालकांनी आधी केलेली बरी.

दुसरी गफलत प्रमाणपत्राची. क्लासने दिलेला 'कोर्स पूर्ण' असा कागद वेगळा आणि सिस्कोचे प्रमाणपत्र वेगळे. सिस्कोची परीक्षा १२० मिनिटांची असते, ती पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होते आणि मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षे वैध असते. तिची फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे तीस हजारांच्या आसपास जाते. क्लासच्या फीमध्ये ही रक्कम धरली आहे का, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी 'होय ओ, सगळं त्यातच आलं' याला अर्थ नाही.

पण खरा प्रश्न परीक्षेचा नाही. सोलापुरातली या क्षेत्रातली कामे बघा: रुग्णालये, पतसंस्था, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने, जिल्ह्यातली साखर कारखानदारी, केबल-ब्रॉडबँडवाले. अशा ठिकाणी बहुतेकदा एकच माणूस असतो आणि वायर ओढण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात. 'नेट चालंना झालंय, बघा की जरा' एवढ्या एका वाक्यावरून त्याला बिघाड हुडकायचा असतो. नेटवर्कच्या कामाची पुस्तकी मांडणी असलेले ओएसआयचे सात थर पाठ म्हणता येतात, पण हातात केबल दिली की गाडी अडते, अशी मुले क्लासमधून बाहेर पडतात. माझ्या मते दोष मुलांचा नाही. त्यांना मोडलेले नेटवर्क कोणी दाखवलेलेच नसते.

केबलचेच घ्या. केबलच्या टोकाला बसणाऱ्या आरजे-४५ कनेक्टरमध्ये टी-५६८-बी या ठरलेल्या पद्धतीने तारांचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबलमध्ये एकेका रंगाच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. नवखा मुलगा या जोड्या ओळीने लावून मोकळा होतो; केशरीची जोडी, मग हिरवीची, मग निळीची. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्याने स्वस्तातल्या टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे लागतात आणि काम झाले असे वाटते. पण ३ आणि ६ या पिनांवर एकाच पिळाच्या दोन तारा याव्या लागतात, त्या इथे वेगवेगळ्या जोड्यांतून आलेल्या असतात. पिळाचा उपयोगच संपतो, एका जोडीचा संकेत दुसरीत मिसळतो. दोन मीटरची तार चालून जाते, पन्नास मीटरच्या तारेवर मात्र नेट मध्येच तुटते किंवा रांगते. हा दोष दिव्यांच्या टेस्टरला कधीच दिसत नाही, रंग डोळ्यांनी तपासावे लागतात. क्रिंप करताना, म्हणजे कनेक्टर दाबून बसवताना, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये, हेही त्याचसाठी.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास मिळते, आणि तिच्या खोक्यावर 'कॅट सिक्स' हे अस्सल केबलच्या दर्जाचेच नाव छापलेले असते. तार ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते. ३०५ मीटरचे खोके उचलले तरी हलके लागते. तिचा रोध जास्त. त्यामुळे केबलमधूनच वीज घेणारा लांबचा कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागून विजेची गरज वाढली की सारखा बंद-चालू होतो. कॅमेरा बदलून उपयोग होत नाही. तांब्याच्या केबलची मर्यादा एकूण १०० मीटर: ९० मीटर भिंतीतली आणि उरलेले १० दोन्हीकडच्या पॅच कॉर्डचे, म्हणजे जोडणीच्या सुट्या केबलचे. कारखान्यात एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायचे असेल तर अंतर कमी असले तरी फायबर म्हणजे काचेची केबलच टाकावी, कारण अर्थिंगमधला फरक आणि पावसाळ्यातली वीज तांब्यातून थेट स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्रात, शिरते.

वरच्या थरांवरचे बिघाडही ठरलेले आहेत, आणि ते वर्गात मुद्दाम घडवता येतात. कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा नेटवर्कवरचा पत्ता दिसला म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत तो पोचलेलाच नाही. रुग्णालयाच्या एखाद्या वॉर्डात कोणी घरचा वायफाय राउटर आणून लॅन पोर्टात खुपसला की तोही पत्ते वाटू लागतो आणि अर्ध्या इमारतीचे नेट जाते. यावर स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या परक्या यंत्राला अडवण्याची सोय, चालू करणे हा उपाय. एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोके एका साध्या स्विचमध्ये बसली की सगळे दिवे एका ठेक्यात लुकलुकतात आणि सगळे नेटवर्क ठप्प होते. असा लूप, म्हणजे गोल फिरणारी वाट, रोखणारी स्पॅनिंग ट्री ही स्विचमधली सोय कशासाठी असते ते लूप एकदा करून पाहिल्यावर जितके कळते तितके फळ्यावर कळत नाही. केबलच्या एका टोकाला वेग आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) हाताने ठरवून दिले, दुसरे ऑटोवर राहिले, तर ते दुसरे टोक हाफवर (एका वेळी एकच) घसरते. मग पिंग, म्हणजे जोडणी तपासणारा छोटा संदेश, व्यवस्थित येतो, फाइल मात्र सरकत नाही.

आपल्याकडचे विजेचे दुखणे तर अभ्यासक्रमातच घ्यायला हवे. सिस्कोच्या स्विचवर केलेला बदल चालू स्मृतीत असतो. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' हा सेव्ह करण्याचा हुकूम दिला नाही, तर लाइट जाऊन आली की दिवसभराची मेहनत गेली. उलट, दूरवरच्या राउटरवर धोक्याचा बदल करताना आधी 'रीलोड इन १०', म्हणजे दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होण्याचा हुकूम, द्यावा. आपणच बाहेर अडकलो तरी दहा मिनिटांनी तो जुन्या सेटिंगवर परत येतो. काम साधले तर रीलोड रद्द करून मगच सेव्ह करायचे. स्थानिक ब्रॉडबँडवाल्यांकडे मायक्रोटिक कंपनीचा राउटर खूप दिसतो; त्यात हेच काम सेफ मोड करतो. यूपीएसच्या बॅटरीचे छापील आयुष्य २५ अंशांच्या आसपासच्या तापमानाला धरलेले असते आणि दर १० अंशांमागे ते साधारण निम्मे होते. आपला उन्हाळा ४२ च्या वर जातो. जिन्याखालच्या बंद कपाटात नेटवर्कच्या यंत्रांचा रॅक बसवणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

म्हणून क्लास निवडताना शिक्षकांना सरळ विचारावे: १९२.१६८.१०.०/२४ हे २५६ पत्त्यांचे नेटवर्क /२६ ने तोडले तर भाग किती आणि प्रत्येकात वापरण्याजोगे पत्ते किती? उत्तर चार आणि ६२. ते फळ्यावर दोन मिनिटांत समजावता आले पाहिजे. पत्त्यांच्या ए, बी, सी वर्गांवरच तीन आठवडे घालवणारा क्लास टाळावा, ती पद्धत १९९३ मध्येच मागे पडली. खरे स्विच किती, एका स्विचमागे मुले किती, व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्के, स्वतः करायला मिळतात का, हेही बघावे. रुग्णालयात ओपीडीचे कॉम्प्युटर, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचे वायफाय एकाच सपाट नेटवर्कवर असणे किती घातक, हे व्हीलॅन केल्याशिवाय उमगत नाही.

ज्यांना फी परवडत नाही त्यांनी अडून राहू नये. कॉम्प्युटरवरच नेटवर्क उभारून सराव करण्याचे सिस्कोचे पॅकेट ट्रेसर मोफत आहे, नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटे (पॅकेट्स) दाखवणारे वायरशार्क आणि सरावाचेच जीएनएस-थ्रीही. आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर पॅकेट ट्रेसर आणि कॉम्प्युटरातच दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समधले एखादे लिनक्स आरामात चालते. क्रम मात्र असा ठेवावा: आधी केबल आणि पत्ते, मग स्विच, मग राउटिंग, त्यानंतर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि डीएचसीपीसह लिनक्स. क्लाउड आणि पायथन त्याच्या पुढे. वायरशार्कमध्ये डीएचसीपीची चार पॅकेट्स, डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट आणि अॅकनॉलेज, स्वतः पकडून पाहिलेला मुलगा मुलाखतीत अडखळत नाही.

एक विषय जवळपास कोणीच शिकवत नाही, तो म्हणजे नोंदी. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग, म्हणजे या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि सगळ्या उपकरणांची घड्याळे एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने, जुळलेली लागतात. नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलचे घड्याळ वीस मिनिटे मागे असेल तर चोरी कधी झाली, हेच सिद्ध होत नाही. सगळ्या यंत्रांच्या नोंदी साठवणारा एक सिसलॉग सर्व्हर उभा करणे हे अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक आहे.

शेवटी शासकीय तंत्रनिकेतन, आयटीआय आणि विद्यापीठ यांना विनंती. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स हा एक वर्षाचा ट्रेड आहेच. प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास बाहेरच्या मुलांसाठी नाममात्र शुल्कात उघडाव्यात. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. चार जुने मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारे) स्विच, दोन राउटर, एक पॅच पॅनेल, पंचिंग आणि क्रिंपिंग टूल, केबलचे एक अस्सल तांब्याचे खोके एवढ्यावर दहा-बारा मुले शिकू शकतात. आणि ज्या आस्थापनांत ३० किंवा जास्त मनुष्यबळ आहे, त्यांना शिकाऊ उमेदवार कायद्याने अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. टॉवेल कारखाने आणि मोठी रुग्णालये या जागा फिटर, इलेक्ट्रिशियन वगैरेंनी भरतात. त्यांतली एक जागा यंदापासून नेटवर्कच्या मुलाला द्यावी.

– एक वाचक, जुळे सोलापूर