पेपर अवघड गेला, पुढे काय?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. एआयबीईच्या, म्हणजे वकिलीसाठीच्या अखिल भारतीय बार परीक्षेच्या, केंद्राबाहेर पडल्यापासून तुमच्या बॅचमध्ये काय चाललं आहे ते तू तपशिलाने लिहिलंस ते बरं केलंस. कोणी म्हणतं पेपर मुद्दाम लांबवला, कोणी म्हणतं हायकोर्टात जाऊ, एकजण सनदेचा नादच सोडायला निघाला आहे, आणि तू रोज नव्याने बेरीज करून कधी ३८ वर येतोस, कधी ५२ वर.

आधी ती बेरीज थांबव. क्लासवाल्यांच्या उत्तरतालिका पेपर संपल्यावर तासाभरात फिरू लागतात, पण त्या घाईत आणि पुष्कळदा आठवणीवर बनवलेल्या असतात. शिवाय पुस्तिकेचे संच वेगळे. तुझ्या संचातला सतरावा प्रश्न शेजारच्याच्या संचात साठावा असतो, म्हणून नुसता क्रमांक पाहून उत्तरं ताडली की बेरीज चुकणारच. त्यापेक्षा शंभर प्रश्नांचे तीन गट पाड: खात्रीचे, दोन पर्यायांत अडकलेले आणि निव्वळ अंदाजाचे. खात्रीचे पूर्ण धर, मधले निम्मे, शेवटचे पाव. समजा ३० खात्रीचे, २८ मधले आणि ४२ अंदाजाचे निघाले, तर ३० अधिक १४ अधिक साधारण १०, म्हणजे ५४. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे उत्तरपत्रिकेवर आंधळेपणाने भरलेला गोळाही थोडं काही देऊन जातो. खुल्या आणि ओबीसी गटाला ४५ टक्के लागतात; अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४०. बाहेर पडल्यावर माणसाला सुटलेलेच प्रश्न आठवतात, आलेले आठवत नाहीत, हेही लक्षात घे.

वेळ पुरला नाही ही तक्रार मला खरी वाटते, फक्त तिचं कारण तुम्ही लिहिता ते नाही. साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं, प्रश्न १००, एका प्रश्नाला दोन मिनिटं आणि सहा सेकंद. बेअर ॲक्ट, म्हणजे टिपा नसलेला कायद्याचा नुसता मजकूर, आत नेता येतो म्हणून मुलं निर्धास्त असतात. पण कायदा उघडायचा, अनुक्रमणिका पाहायची, कलम वाचायचं, त्याखालचं परंतुक (अपवाद सांगणारी जोडओळ) तपासायचं आणि मग पुन्हा पर्यायांकडे यायचं, याला सरावलेल्या हातालाही तीन-चार मिनिटं लागतात. चाळीस प्रश्नांना पुस्तक उघडलं तर दोन ते अडीच तास तिथेच गेले, आणि उरलेले साठ तासाभरात उरकावे लागले. पुस्तक फार तर पंधरा प्रश्नांसाठी उघडायचं, तेही जिथे कायदा कुठल्या भागात आहे ते आधीच ठाऊक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचंच घे. दावा-अर्ज फेटाळण्याची तरतूद पुस्तकाच्या पुढच्या भागातल्या १५८ कलमांत कितीही शोधलीस तरी सापडणार नाही. ती मागच्या भागातल्या आदेश-नियमांत आहे, आदेश ७, नियम ११. तात्पुरता मनाई हुकूम आदेश ३९ मध्ये. आणि रेस ज्युडिकेटा, म्हणजे एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा चालवता येत नाही हे तत्त्व, मात्र पुढे, कलम ११. ही मांडणी डोक्यात नसली तर पुस्तक हातात असून नसल्यासारखं.

फौजदारी कायद्यांबद्दलची तुमची चिडचीड मला सगळ्यांत जास्त पटली. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि साक्ष्य कायदा हे तिन्ही बदलले, पण अनेकांचं शिक्षण जुन्या क्रमांकांवर झालेलं. तू लिहिलेला ४८२ चा घोळ त्यातलाच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार ५२८ वर गेले. अटकपूर्व जामिनाचा जुना ४३८ हा क्रमांक आता पुनरीक्षणासाठी (फेरतपासणीसाठी) खालच्या न्यायालयाचे अभिलेख मागवण्याला मिळाला. पर्यायांत दोन्ही आकडे दिसले की हात सवयीने जुन्यावर जातो. साक्ष्य अधिनियमात याहून अवघड. पोलिसांपुढचा कबुलीजबाब, कोठडीतला कबुलीजबाब आणि त्यातून हाती लागलेली वस्तू, ही जुनी २५, २६ आणि २७ कलमं आता एकट्या २३ मध्ये आहेत, आणि जुनं २७ तिथे परंतुक म्हणून बसलं आहे. घाईत नव्या अधिनियमाचं २७ उघडणाऱ्याला समोर दिसतं आधीच्या कार्यवाहीतल्या साक्षीबद्दलचं कलम, म्हणजे जुनं ३३. तो पान पुढेमागे करत बसतो आणि पाच मिनिटं जातात. आणखी एक: गुन्ह्याची तारीख प्रश्नात दिली असेल तर ती आधी वाचायची. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्याला जुनी दंड संहिताच लागते.

कंपनी कायदा आणि करांनी घात केला असं तुमच्यातले तिघे म्हणतात. तुम्ही ज्या अभ्यासक्रमावर तयारी केलीत त्यात करांना ४ गुण, कंपनी कायद्याला २. भूसंपादन, सायबर, पर्यावरण, बौद्धिक संपदा यांनाही दोन-दोनच. उलट संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया प्रत्येकी १०, न्याय संहिता (दंड संहितेच्या जागी आलेली) ८ आणि साक्ष्य ८, हे पाचच विषय ४६ गुणांचे. त्यात कौटुंबिक कायद्याचे ८ आणि करार-मालमत्ता गटाचे ८ मिळवले की ६२ झाले. तेव्हा अडले असाल तर ते दोन-दोन गुणांच्या विषयांवर घालवलेल्या वेळामुळे, त्या विषयांमुळे नव्हे. पुन्हा बसायची वेळ आलीच तर तयारी या ६२ पासून सुरू करायची.

आता करायचं ते. हंगामी उत्तरतालिका आली की ती तुझ्याच संचाची आहे ना हे आधी बघ. आक्षेप नोंदवायची मुदत थोडी असते, म्हणून वादग्रस्त प्रश्नांचे पुरावे आजपासूनच जमव. आक्षेपात रागाला जागा नाही. प्रश्न क्रमांक, संच, तालिकेतलं उत्तर, तुझ्या मते बरोबर उत्तर, आणि त्याखाली कलमाचा शब्दशः मजकूर किंवा निकालपत्राचा नेमका परिच्छेद. ‘सगळ्यांना हेच वाटतं’ हा पुरावा नव्हे. मराठी माध्यमाच्या मुलांनी भाषांतरातली चूकही दाखवावी, पण इंग्रजी आणि मराठी वाक्यं शेजारी शेजारी ठेवून. प्रश्न रद्द झाले तर उरलेल्यांवर टक्केवारी काढली जाते, असं पूर्वी झालेलं आहे. समजा पाच गेले: ९५ चे ४५ टक्के ४२.७५, म्हणजे ४३ लागतील. गेलेल्या पाचांत तुझे बरोबर आलेले किती, यावर फायदा की तोटा ते ठरतं, म्हणून सरसकट आक्षेप घेऊ नकोस.

ज्या मुलीने संच संकेताचा गोळा भरला नाही म्हणून रडून घेतलं, तिला तूच समजाव. मशीनला कोणती तालिका लावायची ते त्या गोळ्यावरून कळतं, त्यामुळे तिची भीती खोटी नाही, निकाल अडकू शकतो. तिने प्रवेशपत्राची प्रत जोडून संच नमूद करणारं निवेदन आत्ताच पाठवावं, निकालाची वाट पाहू नये.

परीक्षाच बेकायदा आहे, या मुद्द्यावर मात्र वेळ घालवू नका. १० फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अशी परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार मान्य केला आहे, आणि ज्या १९९९ च्या निकालावर सगळे बोट ठेवतात तो व्ही. सुधीर निकालही चुकीचा ठरवला आहे. एखाद्या प्रश्नाच्या उत्तराविरुद्ध दाद मागणं वेगळं, तिथे तुमची बाजू उभी राहू शकते.

सनद सोडायला निघालेल्या त्या मित्राला सांग की नापास झाल्याने नावनोंदणी जात नाही. हंगामी नोंदणीवर दोन वर्षं काम करता येतं, त्या मुदतीत परीक्षा पास होऊन सीओपी, म्हणजे वकिली करण्याचं प्रमाणपत्र, घ्यायचं. कितीदा बसायचं याला मर्यादा नाही. त्याने फक्त आपल्या नोंदणीची तारीख काढावी, दोन वर्षं कधी भरतात ते लिहून ठेवावं आणि सीनियरना आजच स्पष्ट सांगावं. ऑफिसला जाणं थांबवू नये. रोज एक रोजनामा (खटल्याच्या तारखेची न्यायालयातली नोंद) वाचला आणि एक अर्ज कोणत्या कलमाखाली केला ते नव्या संहितेत उघडून पाहिलं, तर पुढच्या वेळी निम्मी शोधाशोध वाचते.

तू मला दोन गोष्टी पाठव: तुझा संच आणि खटकलेल्या प्रश्नांची यादी, प्रश्न शक्य तितके शब्दशः लिहून. रविवारी सकाळी मी मोकळा आहे, फोनवर एकेक कलम काढून बघू. आणि त्या ४८२ वर तू नेमका कोणता पर्याय रंगवलास तेही लिही, तेवढं पत्रात राहून गेलं आहे.

तुझाच,
मित्र