हलात्रीवर पाणी यायच्या आत

वडगाव, बेळगाव
25 मे

ती. आई आणि बाबांना शि. सा. नमस्कार.

हे पत्र बारक्या वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यालाच सांगतो. बारक्या, बाबांच्या डोळ्याबद्दल लिहिलंय ते गाळायचं नाही. ते डोळे वटारतील, तरी वाचायचं. आणि अक्षर लागलं नाही तर मनानं जोडू नको.

फोनवर हे सगळं बोलता येत नाही. सड्यावर हिरड्याखाली उभं राहून आई बोलते, त्यातलं निम्मं "ऐकू येऊलालं काय रे?" यातच जातं. आणि बाबा फोन कानाला लावला की "बरं आहे" असं ओरडतात आणि आईकडे देतात. म्हणून कागद घेतला. खानापूरला येणारं आपल्या गावातलं कुणी भेटलं की हातोहात पाठवतो.

परवा कौलं परतायला आलो, ते आठ दिवस डोक्यातून जाईनात. इथं उद्यमबागेत रात्रपाळीला मशीन सुरू करून दिलं की तुकडा तयार होईपर्यंत मी नुसता उभा. कानात मशीनचा आवाज, आणि डोळ्यापुढं आपलं घर. आई पहाटे उठते तेव्हा अजून कोंबडाही झोपलेला असतो. राखेत पुरलेला निखारा उकरून फुंकणीनं फुंकते, मग झऱ्यावर दोन खेपा, मग नाचण्याच्या भाकरी, मग शेणघाण. त्या आठ दिवसांत मी एकदा तरी तुझ्या आधी उठायचं ठरवलं होतं, जमलं नाही. एकदा उठलो तर तू म्हणालीस, "मांजर हाय काय?" आणि पुन्हा झोपलो.

लाकडं भरून झाली, गोठ्याला गवताच्या झड्या बांधल्या, माचावर मिठाची पिशवी आणि सुकी मासळी चढली. पावसाळ्याची बेगमी म्हणून जे काही असतं ते झालं. परसात फणस पडून फुटत होते, रातांब्याची सालं सुपात वाळत होती आणि दर अर्ध्या तासानं आई आभाळ बघत होती. एका संध्याकाळी वळीव आला तेव्हा सालं, पापड, मी आणि वासरू सगळे एकदमच पडवीत. खरं सांगतो, वर्षभरात मी इतका हसलो नव्हतो.

आता दिवाळीतलं बोलतो. तेव्हा मी बाबांना तोंड वर करून विचारलं होतं, "काय आहे हो इथं? डांबर नाही, लाईटीचा खांब नाही, दवाखाना नाही." 2011 साली भीमगड अभयारण्य झालं, तेव्हापासून रस्त्याचं नाव काढलं की जंगलाचा कायदा पुढं येतो, हे तुम्हाला काय मी सांगायचं? तुम्ही काही बोलला नाही. आकडीत कोयता अडकवला आणि परड्यात गेलात. मी जिंकलो असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी आईनं मला नीट वाढलं पण नाही.

माझ्या रागालाही कारण होतं. गेल्या जुलैत आईचा ताप चार दिवस उतरेना, साकवावर पाणी, आणि आम्ही सहा जणांनी तिला बांबूला घोंगडी बांधून हेम्माडग्यापर्यंत आणलं. चिखलात माझा पाय सटकला तेव्हा घोंगडीतून आवाज आला, "सरळ धरा रे, अजून मेले नाही मी." सगळे हसले. मला हसू आलं नाही. पुढं हलात्री नदीवर पाणी होतं, ते उतरेपर्यंत गाडी अलीकडं थांबून. त्या दोन तासांत मी मनात ठरवून टाकलं होतं, ह्या दोघांना इथं ठेवायचं नाही.

म्हणून जंगलातलं गाव सोडणाऱ्या घराला सरकार 15 लाख देतंय हे कळलं तेव्हा मी लगेच उडी मारली. तळेवाडीची 27 घरं तयार झाली, पहिला हप्ता 10 लाखांचा, राहिलेले नंतर. आपल्याकडंही उद्या विचारतील. मी इथं वडगावात दोन खोल्यांची चौकशीसुद्धा करून ठेवली. भाव ऐकून गप्प परत आलो, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आणि त्या खोलीत म्हैस कुठं बांधायची, हा आईचा प्रश्न मी हसण्यावारी नेला होता. तो हसण्यावारी न्यायचा नव्हता.

बाबा, तुम्ही 1953 चे. जन्म मुंबई राज्यात, 1956 ला म्हैसूर, 1973 ला कर्नाटक, आणि ह्या सगळ्यात तुम्ही उंबरासुद्धा बदलला नाही. "तीन राज्यं आली, मी हललो नाही, आता 15 लाखांनी हलू काय?" हे तुम्ही शेजाऱ्याला सांगत होता, मी कौलावरून ऐकलं. तेव्हाच म्हणालात, बारापेड्याच्या गुहेतली वटवाघळं बघायला लांबून माणसं येतात, माणसांना बघायला कोण येईना. तेही ऐकलं. तेव्हा सही करायची की नाही हे तुम्ही दोघं ठरवा. मी आता ह्या विषयावर तोंड उघडणार नाही. थोरल्या ताईला पण सांगितलंय.

पण एक गोष्ट मागतो. तिथं नाही म्हणायचं नाही.

कौलं परतताना तुम्ही फुटकं कौल बोटानं चाचपून ओळखत होता. मला वाटलं, सवय. मग नुकसानभरपाईचा अर्ज आला तो तुम्ही उलटा धरलात. कन्नडातला आहे, तुम्ही मराठी चौथी शिकलेले, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण संध्याकाळी दिनदर्शिकेत आषाढी कधी आहे ते बघायला तुम्ही ती दारात नेलीत, मग चुलीच्या उजेडात, आणि शेवटी आईला म्हणालात, "तूच बघ, मला काम आहे." आईला वाचता येत नाही, बाबा. आणि साकवावरून जाताना काठीनं आधी लाकूड ठोकता, मग पाय टाकता. पावसात ते लाकूड शेवाळतं. माळ्यावर राखणीला रात्रीचे तुम्ही एकटे असता, खाली गवे की ढोरं हे कशावरून कळतं तुम्हाला?

मोतीबिंदू आहे, दुसरं काही नसावं. गेल्या वर्षी "पेरणी होऊंदे" म्हणालात, मग "सुगी होऊंदे", मग मळणी, मग काजू. आता काहीच राहिलं नाही म्हणायला. येत्या सोमवारी मी सकाळच्या गाडीनं येतो आणि दोघांना घेऊन परत. आईला तिकीट फुकट आहे, पण घरापासून गाडीपर्यंत चालायचं त्याला कुठली योजना नाही, तेव्हा उन्हं चढायच्या आत निघू. डोळा झाल्यावर काही आठवडे धूर, धूळ, वाकणं, ओझं सगळं बंद. म्हणजे चूल नाही, चिखल नाही. तेवढे दिवस माझ्याकडं.

तरव्याची काळजी करू नका. पेरायला मी येतो, रजा लिहून दिली आहे. नांगर माझ्या हातात सरळ चालत नाही हे माहीत आहे, पण तरवा उगवायला ओळ सरळ लागत नाही. ढोरांचं शेजारच्या काकीशी बोलून ठेवलंय. लावणीपर्यंत तुम्ही बांधावर उभं राहून शिव्या द्यायला तयार असाल. तेवढी नजर तोवर येईल.

आई, येताना बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट आण, रिकामं असलं तरी आण, दुकानदाराला नाव दाखवायचंय. दोन महिन्यांच्या एकदम घेऊन ठेवू, नंतर हलात्री काही सांगून येत नाही. बाबांचा आधार आणि रेशनकार्ड ट्रंकेत तळाला पिवळ्या पिशवीत आहे.

आमसूलं आणू नको, मागची अजून डबाभर आहेत. फणसाचे गरे आणलेस तर चालतील. वासराला विचारलं म्हणून सांग.

तुमचा,
धाकटा

ता. क. बारक्या, डोळ्याचं गाळलंस काय? गाळलं असशील तर परत वरून वाच.