कोल्हापूरच्या काकांना, काचेच्या चार फ्यूजसाठी

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

'माझं नाव कुठं घालू नका' असं तुम्ही निघताना बजावलं होतं, म्हणून नुसतं काका. उद्यमनगरात ज्यांनी कधी तुमच्याकडून गाडीचं वायरिंग करून घेतलं असेल, ते ओळखतील. पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही माझा हात परत खिशाकडे वळवलात आणि म्हणालात, "पैसं नगं. जुनी गाडी घेऊन बसलेल्या आणखी चार जणांना हे सांगा, म्हणजे झालं." म्हणून हे पत्र पाकिटात न घालता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमचे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सावंतवाडीत डॉक्टर होते. त्यांची १९६० ची मॉरिस मायनर १०००. भारतात तेव्हा परदेशी गाडी आणणं फार अवघड झालं होतं, पण पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात अशा गाड्या सर्रास उतरत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांनी अण्णांनी म्हापशातून ही गाडी घेतली. ९४८ सीसीचं इंजिन, पुढे गोल दिवे, आणि दारामागच्या खांबातून बाहेर येणारा, वळायची बाजू दाखवणारा केशरी हात, म्हणजे ट्रॅफिकेटर. रात्री-अपरात्री बाळंतपणाला जाताना अण्णांनी तो हात दाखवला की गावातली कुत्रीसुद्धा बाजूला होत, असं आजी सांगायची. अण्णांच्या मागे गाडी बावीस वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. वडिलांना ती एकदा तरी चालताना बघायची होती.

पत्रा, इंजिन, गाद्या यांत चार वर्षं गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही. अडकलो ते फ्यूजपाशी. इंजिनामागच्या पत्र्यावर तळहातात मावेल एवढी फ्यूजची पेटी. तिच्यात दोन फ्यूज कामाचे आणि दोन जादाचे ठेवायची जागा. एका जागी जळक्या फ्यूजला सिगारेटची चांदी गुंडाळलेली, दुसरीकडे साधा काचेचा ३५ अँपिअरचा फ्यूज. ज्या गॅरेजने वायरिंग केलं होतं त्यांचं म्हणणं, "मूळचा ३५ चा होता, आम्ही ३५ चाच घातलाय." मलाही ते पटलं होतं. मला फक्त मूळचे लुकासचे, म्हणजे गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या त्या इंग्लिश कंपनीचे, फ्यूज हवे होते, काचेच्या नळीत आकडा छापलेली रंगीत कागदाची पट्टी असते ते. ३५ ला पांढरी पट्टी, ५० ला पिवळ्यावर जांभळी अक्षरं. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी व्हावी, एवढाच माझा हट्ट.

पुण्याच्या जुन्या बाजारात चार रविवार घालवले. मुंबईत मटन स्ट्रीटला गेलो, ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे गेलो. सगळीकडे साधे फ्यूज पुढे करत. इंग्लंडहून नव्या बनावटीचे मागवता येतात हे माहीत होतं, पण अण्णांच्या गाडीत त्या काळचेच असावेत असं वाटत होतं. शेवटी एका अँबॅसिडरवाल्या ड्रायव्हरने तुमचा पत्ता दिला.

तुम्ही म्हणालात, "बसा की पाव्हणं," आणि फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढलात. तो डबा मी विसरणार नाही. आत फियाटचे फ्यूज निराळ्या पुडीत होते, चिनी मातीच्या गोळीसारखे, दोन्ही टोकं निमुळती: पिवळा ५ चा, पांढरा ८ चा, लाल १६ चा, निळा २५ चा. आणि तळाशी, कापसात गुंडाळलेले, लुकासचे चार. एक उचलून तुम्ही खिडकीच्या उजेडात धरलात. कागद जुन्या पोथीच्या पानासारखा पिवळसर पडलेला, त्यावर बारीक ठशात ३५. फ्यूज बोटांत थोडा फिरवलात तेव्हा कागदाच्या कडेने जाणारी केसाएवढी तार दिसली. "कागुद आडवा येतोय, म्हणून असा फिरवून बघायचा. न्हाईतर टेस्ट लॅम्प लावायचा." नंतर विचारलंत, आत्ता गाडीत काय घातलंय. मी म्हटलं, ३५ चा साधा. तुमचा चेहराच बदलला.

"हे ३५ आनि ते ३५ एक न्हवं, पाव्हणं."

मग तुम्ही जे करून दाखवलंत, ते मला इथे नीट लिहायचं आहे. बाकावर बॅटरी ठेवली. हेडलाइटचे ६० वॅटचे आठ बल्ब समांतर जोडले, १२ व्होल्टला एकेक ५ अँपिअर ओढणारा, मिळून ४०. मधे घातलीत हातभर बारीक हिरवी वायर, माझ्या गाडीत वायपरला जाते तसल्याच जाडीची, आणि माझा साधा ३५ चा फ्यूज. बल्ब लागले. फ्यूज जागच्या जागी. थोड्याच वेळात वायरचं वरचं आवरण चकाकायला लागलं, मग मऊ पडलं, मग धूर. तो वास मी लगेच ओळखला. पाऊस पडत असताना वायपर लावले की डॅशबोर्डामागून हाच वास यायचा, आणि नवीन रंगाचा असेल म्हणून मी सोडून देत होतो. तुम्ही जोड सोडवलात. वायर गेली होती, फ्यूज शाबूत होता.

दुसरी वायर लावलीत आणि कापसातल्या चारांपैकी एक फ्यूज उचललात. मी म्हटलं, काका, राहू द्या, कळलं मला. तुम्ही म्हणालात, "ऐकलेलं इसरतंय. बघितलेलं ऱ्हातंय." जोड लावला. बल्ब उजळले आणि बघता बघता विझले. वायरीवर हात ठेवायला लावलात. कोमट होती.

मग समजावलंत. साध्या फ्यूजवरचा ३५ म्हणजे एवढा करंट तो सतत वाहून नेतो, अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे. लुकासच्या कागदावरचा ३५ म्हणजे एवढ्यावर तो जळतो. सतत वाहायचा त्याचा आकडा निम्मा, साडेसतरा. गाडीतल्या वायरी त्या निम्म्याच्या हिशेबाने घातलेल्या. मूळचा मिळाला नाही तर साधा १५ चा घालायचा, फार तर २० चा, ३५ चा कधीच नाही. हेच ते चार जणांना सांगायचं होतं ना, काका? ज्यांच्याकडे मॉरिस, जुनी अँबॅसिडर किंवा त्या काळची कुठलीही विलायती गाडी आहे आणि पेटीच्या झाकणाखाली ३५ चा साधा फ्यूज बसलेला आहे, त्यांनी आजच बॉनेट उघडावं.

वायरींचे रंगही तुम्ही त्या दिवशीच पाठ करून घेतलेत. पेटीवर जोडांना ए१ ते ए४ अशी नावं आहेत. ए१ ला तपकिरी, बॅटरीकडून थेट आलेली. ए२ ला फ्यूजमधून पुढे निघालेली, हॉर्नची, चावी नसली तरी जिवंत. ए३ ला पांढरी, चावी फिरवली की येणारी. ए४ ला हिरवी, वायपरला, ब्रेकच्या दिव्याला, ट्रॅफिकेटरला. हेडलाइटला त्या गाडीत मुळात फ्यूजच नाही, म्हणून तिकडची वायर दर पावसाळ्याआधी तपासायची. मी हे सगळं तुमच्या बिलबुकाच्या पाठीमागे लिहून घेतलं. तो कागद आता गाडीच्या कप्प्यात आहे.

घरी येऊन पेटीच्या पितळी क्लिपा पॉलिश पेपरने घासल्या, तुम्ही सांगितलंत तशा चिमटीने थोड्या आवळल्या. लुकासचा फ्यूज साध्यापेक्षा किंचित आखूड, क्लिप सैल राहिली तर तिथेच गरम होतं हे लक्षात होतं. डॅशबोर्डामागची हिरवी वायर उलगडली. दोन ठिकाणी आवरण वितळून पत्र्याला चिकटलं होतं, आणि त्याच्या चार बोटं खाली दाराच्या अस्तराचं जुनं तागाचं कापड. ते पाहिल्यावर मी बराच वेळ गाडीच्या उघड्या दाराशी बसून होतो. वडील त्या गाडीत बसणार होते, मुलं बसणार होती.

चार फ्यूज होते. एक तुम्ही माझ्यासाठी जाळलात, तीन हातावर ठेवलेत. आयुष्यभर जपलेली वस्तू एका अनोळखी माणसाला समजावं म्हणून जाळून टाकायची, हे मी तोवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं. दोन फ्यूज कामाला लागले आहेत, तिसरा जादाच्या जागी आहे. चौथ्या जागी साधा १५ चा. जळालेला मी मागून घेतला होता, तो अण्णांच्या स्टेथोस्कोपच्या डब्यात ठेवला आहे.

गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन मोती तलावाला फेरी मारली. पाऊस होता. वायपर चालू होते आणि मी सारखा हुंगत होतो. कसलाच वास नव्हता, ओल्या मातीचा सोडून. वळणावर वडील म्हणाले, "दाखव हात." मी खटका फिरवला. डाव्या खांबातून केशरी हात सरसर वर आला, आत दिवा लागलेला. वडील काही बोलले नाहीत, नुसते त्या हाताकडे मान वळवून बघत राहिले. वळण संपून गाडी बरीच पुढे गेली तरी मी तो खाली घेतला नाही.

दसऱ्यानंतर गाडी घेऊन कोल्हापूरला येतो आहे. गगनबावड्याचा घाट चढून येणार. पेटी तुम्ही स्वतः उघडून बघा, क्लिपा बरोबर आवळल्यात की नाही ते सांगा. काकूंना आमच्याकडचं कोकम आणि काजू आणतो, त्याला मात्र नाही म्हणू नका.

तुमचा,
सावंतवाडीचा पाव्हणा