आधी जोत्याची उंची ठरव

चि. रेवती,
अनेक आशीर्वाद.

तू आखलेले वस्ती-केंद्राचे नकाशे मिळाले. टिपण नंतर वाचलं, आधी सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, उघडला. जोतं ६०० मिमी, दर्शनी बाजूला चार पायऱ्या, आणि रॅम्प मागून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून. त्याची लांबी तू ५ मीटर दाखवली आहेस, म्हणजे उतार १:८ च्या जवळपास, आठ मीटरला एक मीटर चढ. एवढ्या चढावर स्वतःच्या हातांनी व्हीलचेअर चालवणारा माणूस अर्ध्यात अडकतो आणि उतरताना चाकं त्याच्या हातातून निसटतात. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. त्याला ७.२ मीटर लागतात, शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा. मागच्या बाजूला तेवढी जागा नाहीच. तेव्हा रॅम्पशी झटापट करत बसू नकोस, जोत्याकडे बघ. ते ठरतं त्या दिवशीच आत कोण येणार हे निम्मं ठरून गेलेलं असतं.

६०० का, हे आधी शोध. पाणी तुंबल्याच्या खुणा आजूबाजूच्या भिंतींवर असतील, शेजाऱ्यांना आठवत असेल, तर उंची ठेवावीच लागेल. नुसत्या सवयीने आली असेल तर ३०० वर आण. ३०० मिमी चढायला १:२० च्या उताराने ६ मीटर पुरतात, आणि दर्शनी अंगण तेवढं आहे. ते अंगणच हळूहळू चढव. मग वेगळा रॅम्प लागत नाही. काठी टेकणारे, बाबागाडीवाले, खुर्च्यांची हातगाडी ढकलणारे, सगळे एकाच दाराने येतात. पायरी गेली की पाऊस आत येईल ही भीती रास्त आहे. त्यासाठी दारावर मीटरभर छज्जा काढ आणि दाराबाहेर जमिनीत पूर्ण रुंदीची, जाळीने झाकलेली पन्हळ दे. तिच्या जाळीच्या फटी १२ मिमीपेक्षा रुंद नकोत आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर व्हीलचेअरची पुढची लहान चाकं त्यातच रुततील.

६०० च ठेवावं लागलं तर रॅम्प समोर आण. वास्तुरचनाकार अॅना हेरिंगर यांनी बांगलादेशात रुद्रपूर इथे माती आणि बांबूतून बांधलेलं 'आनंदालय' बघ. अपंगांसाठीच्या त्या केंद्रात रॅम्प इमारतीला वळसा घालत वरच्या मजल्यापर्यंत जातो, आणि इमारत लक्षात राहते ती त्याच्यामुळेच.

साइटवर काय बिघडतं तेही लिहून ठेव. नकाशात १:१२ असतो, पण फरशीवाला वरच्या टोकाला मसाला चढवतो आणि १५-२० मिमीचा उंबरा तयार होतो. व्हीलचेअर अडायला तेवढा पुरे. खालच्या टोकाशी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की रॅम्पचा पायथा खळग्यात जातो आणि तिथे पाणी साचतं. म्हणून प्रत्येक दारापाशी आत-बाहेरच्या तयार फरशीची लेव्हल लिही, स्लॅबची नको. पॉलिशची फरशी तर नकोच. ओल्या काँक्रीटवर झाडूचे आडवे ओरखडे मारून घे, त्याहून चांगलं काही नाही. कठडा दोन उंचींवर, ९०० आणि ७०० मिमी. पाइप सुमारे ४० मिमी जाडीचा, भिंतीपासून ५० मिमी सुटा, आणि दोन्ही टोकांना ३०० मिमी पुढे नेलेला. ठेकेदार हा पुढचा तुकडा 'मध्ये येतो' म्हणून कापतो. कापू देऊ नकोस. अंध माणसाला चढ संपल्याचं त्यावरूनच कळतं.

आता वस्तीतल्या लोकांबरोबर तू घेतलेली सभा. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणं तिसरी पायरी, मत विचारणं चौथी. निर्णयात खरा वाटा सहावीपासून सुरू होतो. तुझ्या सभेचा वृत्तांत चौथीवर थांबला आहे. लोक बोलले, तू टिपून घेतलंस, पण त्यातून नकाशात काय बदललं ते कुठेच दिसत नाही. पुढच्या सभेत एक मोठा कागद भिंतीवर लाव: सूचना काय, मानली की नाही, नाही तर का. न मानलेल्या सूचनांचं कारण तोंडावर सांगायला धीर लागतो, पण लोक तिसऱ्या सभेला येतात ते त्याच्यामुळे.

हजेरीपटापेक्षा गैरहजेरीचा पट महत्त्वाचा. पाळीत काम करणारे, घरी आजारी माणूस असलेल्या बायका, ऐकू न येणारे, भाड्याने राहणारे, ही मंडळी संध्याकाळच्या सभेला येत नाहीत, आणि आली तरी बोलत नाहीत. त्यांच्या वेळेला त्यांच्या दाराशी जा. शक्य असेल तर एकेकाबरोबर घरापासून जागेपर्यंत मोजपट्टी घेऊन चालत जा. कुठे थांबावं लागतं, कुठला कोपरा अंधारात टाळला जातो, हे प्रश्नावलीत येत नाही.

आणि नकाशा दाखवून 'कसं वाटतं?' विचारू नकोस. नकाशा वाचता येणारे थोडेच, बाकीचे भिडेखातर मान डोलावतात. मोकळ्या जागेवर फक्कीने खोल्या खऱ्या मापात आख, खुर्च्या-टेबलं ठेव, व्हीलचेअर फिरवून बघायला सांग. वळायला १५०० मिमीचा घेर लागतो हे तिथे कुणाला समजावावं लागत नाही. मॉडेल १:५० मापाचं, पण भिंती न चिकटवलेल्या. चिकटवलेल्या मॉडेलचं कौतुक होतं, त्यात बदल कुणी सुचवत नाही. अंधांसाठी जाड पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून उठावाचा नकाशा कर.

स्वच्छतागृहाचा तपशील तू अजून काढलेलाच नाहीस. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडलं आणि आतलं माणूस पडलं तर त्याच्याच अंगाने ते अडतं. दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी मोज, चौकटीची नको. आसनाची उंची ४५० ते ४८० मिमी, आणि एका बाजूला ९०० मिमी मोकळी जागा, म्हणजे खुर्चीवरून सरकता येईल. आधाराचा दांडा पूर्ण माणसाचा भार घेतो. पोकळ ब्लॉकच्या भिंतीतून तो खिळ्यांसकट उपटून येतो, म्हणून प्लास्टरच्या आधीच त्या जागचे ब्लॉक काँक्रीटने भरून घे. एवढं सगळं नीट बांधूनही ही खोली बहुधा बादल्या-झाडूंचं कोठार होते, कारण केंद्राला वेगळं कोठार कुणी दिलेलं नसतं. तू दे, दीड चौरस मीटरचं का होईना.

वाचनालय वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट 'पुढच्या टप्प्यात', हे मला मान्य नाही. वाचनालय खाली आण, कार्यालय वर जाऊ दे. लिफ्टचा खड्डा आणि स्लॅबमधली तिची मोकळी चौकट मात्र आत्ताच सोड. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्रूइट-आयगो वसाहतीत ११ मजली ३३ इमारती होत्या आणि लिफ्ट काही ठरावीक मजल्यांवरच थांबायच्या. खर्च वाचला, पण बाकीच्या मजल्यांवरच्या माणसांच्या वाट्याला रोजचे जिने आले. १९७२ मध्ये ती वसाहत पाडायला सुरुवात झाली. कारणं बरीच होती. त्यातलं मोठं हे की देखभाल भाड्याच्या पैशावर होती, घरं रिकामी झाली तशी देखभालही आटली. तुझ्या अंदाजपत्रकात देखभालीची ओळच नाही. दिवे कोण बदलणार, किल्ली कुणाकडे, टाकी कोण धुणार, हे लिहिल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

साहित्य निवडतानाही हाच निकष लाव: बिघडलं तर वस्तीतला माणूस दुरुस्त करू शकेल का? बुर्किना फासोमधल्या गांदो गावात वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी शाळा बांधली, २००१ मध्ये ती पूर्ण झाली. तिचं पत्र्याचं छप्पर मातीच्या छतापासून सुटं उचललेलं आहे, मधून गरम हवा निघून जाते. ते पेलणाऱ्या कैच्या, म्हणजे छपराखालचे आधाराचे सांगाडे, साध्या सळयांच्या आहेत. गावातल्याच माणसांना वेल्डिंग शिकवून त्या केल्या, क्रेन लागली नाही.

पैसे कमी पडणारच आहेत, तेव्हा काय गाळायचं ते आजच ठरव. चिलीमध्ये इकिके इथल्या किंता मोनरॉय वसाहतीत वास्तुरचनाकार अलेहांद्रो अरावेना यांच्या गटाने अर्धीच घरं बांधली, पण अवघड ते अर्धं: सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. बाकीचं कुटुंबांनी सवडीने वाढवलं. तूही आतल्या आडभिंती, रंग, खोटं छत पुढे ढकल. उतार, स्वच्छतागृह आणि अंगणातले दिवे यांना हात लावू नकोस. सभागृहाचं खोटं छत गाळलंस तर आवाज घुमेल आणि कमी ऐकू येणाऱ्यांना काहीच कळणार नाही, तेवढ्यापुरतं मागच्या भिंतीवर आवाज शोषणारं काहीतरी लाव.

सुधारलेल्या लेव्हल्स आणि स्वच्छतागृहाचा १:२० मापाचा तपशील लाइनआउटच्या, म्हणजे जागेवर पायाच्या रेघा आखण्याच्या, आधी पाठव. पाया खणल्यावर पाठवलास तर माझ्या वाचण्याचा काही उपयोग नाही.

तुझी,
आई