पाळी बदलताना ‘हो, हो, कळलं’

महोदय,

संवादकौशल्याची शिबिरे अलीकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वरचेवर भरतात. त्यांत सारा भर बोलण्यावर असतो आणि ऐकण्याचा विषय निघेपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असते. प्रत्यक्षात निम्मे घोळ ऐकणाऱ्याच्या सवयींमुळेच होतात आणि त्यांतली सर्वांत घातक सवय म्हणजे समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी ‘हो, हो, कळलं’ म्हणून मोकळे होणे.

पाळी बदलतानाची पाच मिनिटे पाहावीत. जाणारा ऑपरेटर सांगत असतो, ‘तीन नंबरच्या मशीनला सकाळपासून आवाज येतोय, बेअरिंग...’ येणाऱ्या सुपरवायझरचे लक्ष मोबाइलमध्ये. ‘ग्रीस मारून घेतो’ म्हणत तो वाक्य तोडतो. बेअरिंग तापत असल्याने वेग कमी ठेवला आहे, हे सांगायचे राहूनच जाते आणि तेच मशीन पुढच्या पाळीत पूर्ण वेगाने सुरू होते.

माणूस मिनिटाला साधारण 125 ते 150 शब्द बोलतो, ऐकणाऱ्याचे मन मात्र त्याहून कितीतरी पुढे धावते. या फरकावर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे राल्फ निकोल्स यांनी गेल्या शतकाच्या मध्यालाच बोट ठेवले होते. उरलेल्या वेळात आपण उत्तर जुळवत बसतो, आणि बोलणारा हुद्द्याने खालचा असेल तर तेवढीही तसदी घेत नाही. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरील विमानतळावर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन 583 जणांचा बळी गेला. धुके होते, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले, हे खरेच. परंतु समोरचे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, ही फ्लाइट इंजिनिअरची शंका उड्डाणासाठी निघालेल्या विमानाच्या कॅप्टनने झटकून टाकली, हेही नोंदले गेले आहे.

धावपट्टीबाबतची सूचना वैमानिकाने नियंत्रण कक्षाला परत म्हणून दाखवणे आज बंधनकारक आहे. तोच शिरस्ता येथेही पाडता येईल: येणाऱ्याने ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि मगच दोघांनी लॉगबुकवर सही करावी. निमा व आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी यासाठी पुढाकार घ्यावा. मात्र त्यासाठी लागणारा जादा वेळ पगारी धरावा. अन्यथा कंपनीची बस गाठायला पळणारा कामगार थांबणार नाही.

– एक वाचक, सातपूर, नाशिक